मोटारीचा तळ

आमच्या मोटारीच्या तळाला, मागच्या सीटसमोर, भोक पडलं होतं आणि त्यावर आईने स्वयंपाकघरातला एक जुना पाट ठेवला होता. पाट भोकापेक्षा थोडा आखूड होता, त्यामुळे कडेने रस्ता दिसायचा. गाडी चालू लागली की खडी आणि माती पायाखालून मागे पळताना बघायला मला फार आवडे. आई मात्र दोन्ही पाय वर घेऊन, लुगडं गुडघ्याशी आवळून बसायची. "एखाद दिवशी मी रस्त्यावर राहीन आणि तुम्ही तसेच पुढे निघून जाल," असं ती अप्पांना म्हणायची. अप्पा मान न वळवता म्हणायचे, "कळेल की मला. बोलणं बंद होईल ना."

अप्पा म्हणजे माझे वडील. मुलुंड स्टेशनजवळ त्यांचा दवाखाना होता, आणि सकाळी दवाखाना उरकला की ते मोटार घेऊन घरोघरच्या रोग्यांकडे जात. मोटार लढाईच्या आधीची, विलायती. एक पारशी गृहस्थ कायमचे डहाणूला राहायला गेले, तेव्हा त्यांनी ती अप्पांना दिली होती. तिचा रंग मूळचा काळा असावा. मी पाहिली तेव्हापासून तो तव्याच्या पाठीसारखा झाला होता. अप्पांचे निम्मे रोगी मिठागरांवरचे. त्या बाजूला तेव्हा वस्ती कमी आणि पाणी फार. भरती असली की वाटेवर घोटाभर खारं पाणी चढे आणि अप्पा त्यातूनच गाडी घालत. मिठाने माणसांच्या तळपायांना भेगा पडत, त्यांवर अप्पा मलम देत. मोटारीच्या तळाला मात्र कुणी काही लावलं नाही. हळूहळू तो बिस्किटासारखा झाला आणि एका पावसाळ्यानंतर अप्पांची औषधाची बॅगच त्यातून खाली गेली.

दिगूकाका, अप्पांचा धाकटा भाऊ, आमच्याकडेच राहायचा. मॅट्रिकला दोनदा बसून त्याने नाद सोडला होता. लढाईच्या दिवसांत सरकारने तरुण मुलांना कारागिरी शिकवायचे वर्ग काढले, त्यात तो गॅसचं वेल्डिंग शिकला, काही वर्षं गोदीत होता, आणि लढाई संपून तिथली माणसं कमी झाल्यावर घाटकोपरच्या एका वर्कशॉपमध्ये लागला. आमच्या घरात सगळे लिहिणारे-वाचणारे. एक आत्या तर शाळेत हेडबाई. कुणी पाहुणे आले आणि "धाकटे काय करतात?" असं विचारलं, की आई "इंजिनिअरिंग लाइनमध्ये आहेत" म्हणायची. काका आतून ओरडायचा, "वहिनी, वेल्डर म्हणा, वेल्डर. लाज कसली?" पाहुणे हसत. अप्पा हसत नसत. त्यांचा भावावर राग नव्हता, पण विश्वासही नव्हता. दोनदा नापास झालेला मुलगा त्यांच्या मनात कधी तिसऱ्यांदा परीक्षेला बसलाच नाही.

त्या उन्हाळ्यात काका एके दिवशी जेवताना म्हणाला, "दादा, तळ मी बदलून देतो. पावसाच्या आत. अख्खा."

अप्पा आमटी भुरकत होते. "तुझं काम जहाजांचं रे. ही मोटार आहे."

"लोखंड ते लोखंड. बघ तर खरं."

मग थोडं थांबून त्याने खरी गोष्ट काढली. दवाखान्याशेजारी अप्पांचीच एक पत्र्याची शेड रिकामी पडली होती, रस्त्याला लागून. तिथे त्याला स्वतःचं वर्कशॉप घालायचं होतं. गाडीचं काम मनासारखं झालं तर शेड दे, एवढंच त्याचं मागणं. अप्पांनी पाटावरून उठता उठता सांगितलं, "तळ होऊ दे आधी. तू मनावर घेतलंस तर शेड तुझी." एवढं कौतुक काकाने त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नसावं. त्या दुपारी त्याने पाचसहा हापूस खाल्ले आणि आईने त्याला मोजून दाखवल्या कोयी.

त्याने वर्कशॉपमधून पंधरा दिवसांची रजा काढली. घाटकोपरहून बैलगाडीने ऑक्सिजनचं सिलिंडर आलं, पाणी घालून गॅस काढायच्या कार्बाइडचा डबा आला, आणि आमच्या अंगणात लसणीसारखा उग्र वास भरून राहिला. परसात कुरडया वाळत पडलेल्या, त्यांना वास लागेल म्हणून आईने खाट उचलून घराच्या पार दुसऱ्या टोकाला नेली. काकाने मोटार लाकडी ठोकळ्यांवर चढवली. पेट्रोलची टाकी सोडवून ती विहिरीपलीकडे नेऊन ठेवली आणि तिच्या आसपास विडीसुद्धा ओढायची नाही असं माळ्याला बजावलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. तो किती जपून काम करणारा होता, हे नंतर आमच्या घरात कुणालाच आठवलं नाही.

मग तो हातोडीने तळ ठोकत गेला. "ऐक," तो मला म्हणाला. "चांगला पत्रा वाजतो. सडलेला नुसता बद्द करतो. बद्द संपून वाजायला लागेल तिथपर्यंत कापायचं. कापायला जीव होत नाही म्हणून लोक गंजावरच पत्रा डकवतात. तो वर्षात सुटतो." मी सोळा वर्षांची होते, परीक्षा संपलेली, भाऊ पुण्याला होस्टेलमध्ये. मला दुसरा उद्योग नव्हता. त्याने कापलेल्या भोकांवर वर्तमानपत्र धरून मी आकार उतरवायची आणि कात्रीने कापायची, आई झंपरासाठी कापायची तसे. त्या कागदावरून तो नवा पत्रा कापी, ठोकळ्यावर ठोकून त्याला वळणं देई, आणि जागेवर बसवून आधी कोपऱ्यांना चार टाके घाली. मग टॉर्च, म्हणजे गॅसच्या ज्योतीची नळी, घेऊन कडेकडेने सांधा ओढत न्यायचा. त्याचा हात चालताना बघण्यासारखा होता. निळी ज्योत, तिच्यापुढे वितळलेल्या लोखंडाचा टिपका, आणि मागे मागे सारख्या खवल्यांची रेघ. काळा चष्मा लावून मीही बघायची. मला तेव्हा वाटलं होतं की मला हेच शिकायचं आहे. कुणाला बोलले नाही.

पुढचे दोन्ही भाग छान झाले. अप्पा दवाखान्यातून आले की वाकून बघत, बोटाने सांधा चाचपत. एकदा म्हणाले, "बरं जमतंय की रे." काका नुसताच मान खाली घालून हातोडी पुसत राहिला.

शेवटचा भाग मागच्या सीटखालचा. पुढच्या सीट निघाल्या होत्या, पण मागची निघेना. तिचे बोल्ट गंजून एकजीव झालेले, आणि आतलं चामडं फाडायचं नाही असं अप्पांनी बजावलेलं. सीटमुळे वरून टॉर्च पोचत नव्हता. तेव्हा काकाने खाली चटईवर उताणं पडून खालूनच सांधायचं ठरवलं. सीटमध्ये घोड्याचे केस भरलेले होते. ठिणगी गेली तर आतल्या आत धुमसत राहणार. म्हणून सीटवर ओली पोती अंथरायची, एकाने आत बसून नजर ठेवायची आणि थोड्या थोड्या वेळाने पोत्यांवर पाणी मारायचं. धूर दिसला, नुसता वास आला, तरी पान्याने मोटारीवर तीन ठोके द्यायचे, म्हणजे तो टॉर्च बंद करील. त्याला चष्म्यातून ज्योतीपलीकडे काही दिसणार नव्हतं आणि टॉर्चच्या फुरफुरीत हाकही ऐकू येणार नव्हती.

"मुलीला कशाला बसवता आगीपाशी?" आई म्हणाली.

"वहिनी, हिची नजर शाबूत आहे. मला तेवढंच हवंय."

पहिल्या दिवशी मी उपड्या डब्यावर बसून चार तास सीटकडे बघत होते. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी काका म्हणाला, "आज संपवून टाकू. हातभर राहिलंय." दुपारचे तीन वाजले असतील. वैशाखातलं ऊन, मोटारीचं टप तापलेलं, माझ्या गळ्यावरून घामाच्या धारा. मी नुकतंच पोत्यांवर पाणी मारलं होतं. तेवढ्यात मेंदीच्या कुंपणापलीकडून सुलूची हाक आली.

सुलू शेजारच्यांची. पहिलीपासून आम्ही एका बाकावर बसत होतो. महिन्यापूर्वी तिला बघून गेले होते.

"निमे, इकडे ये गं."

"आत्ता नाही. काम आहे."

"फोटो आलाय."

मी मोटारीच्या दारातून डोकं बाहेर काढलं. "कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे काय? ये ना लवकर, आई उठेल."

मी पाना डब्यावर ठेवला. दोन मिनिटं, असं स्वतःला सांगितलं. खाली टॉर्च चालूच होता. काकाचे पाय मोटारीखालून बाहेर आलेले दिसत होते, अनवाणी. ते ओलांडून मी कुंपणापाशी गेले.

फोटोत एक तरुण खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. सुलूने तो वहीत घालून आणला होता. "कपाळ मोठं आहे ना गं?" ती म्हणाली.

"टक्कल पडेल याला."

"गप ना. नागपूरला असतात हे लोक. केवढं लांब." आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. मग मी तिची समजूत काढली. मग आम्ही पुन्हा फोटो बघितला. सासूचं नाव, नणंदा किती, नाव काय ठेवणार, असं बोलणं लांबत गेलं. किती वेळ गेला याचा मी आयुष्यभर हिशेब केला आहे. पंधरा मिनिटांच्या खाली तो कधी आला नाही.

केस जळाल्याचा वास सुलूला आधी आला. "हे काय गं?" ती म्हणाली. मी वळून बघितलं तर मोटारीच्या मागच्या काचेतून पिवळा धूर निघत होता. मी धावले. पोती वाळून कडक झाली होती आणि त्यांच्या कडा लाल दिसत होत्या. मी बादली ओतली, पान्याने ठोके दिले, तीन की तीस ते ठाऊक नाही. दार उघडं राहिल्याने वारा लागला की कशाने, सीट एकदम पेटली. काका खालून सरपटत बाहेर आला. त्याने पहिल्यांदा सिलिंडर बंद केलं, मला दंडाला धरून लांब ढकललं, आणि मग दोन्ही हात आत घालून सीट ओढायला लागला. जी सीट दोन दिवस पान्याला निघाली नव्हती ती त्याने ओढून काढली. पण तोवर टपाचं अस्तर पेटलं होतं. माळी आणि आई विहिरीवरून पाणी आणेपर्यंत आतलं सगळं गेलं. सुलू कुंपणापाशी नव्हती.

अप्पा आले तेव्हा काका पायरीवर बसला होता. हात कोपरापर्यंत भाजलेले, समोर धरलेले. अप्पांनी आधी मलम लावलं, पट्ट्या बांधल्या. ते चांगले डॉक्टर होते. मग त्यांनी मोटारीला एक फेरी मारली आणि माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

"तू होतीस ना आत?"

"होते."

"मग?"

"एकदम भडकलं, अप्पा. मी बघतच होते. एकदम."

काकाने मान वर केली. "एकदम?" त्याने विचारलं. आवाजात संशय नव्हता. एखादा कारागीर दुसऱ्याला विचारतो तसं त्याने विचारलं.

"हो काका."

त्याने पट्ट्या बांधलेल्या हातांकडे बघितलं. "म्हणजे मीच जास्त तापवलं असणार. ज्योत एका जागी राहिली असणार." अप्पा म्हणाले, "दिगू, तुला आयुष्यात एक काम धड शेवटाला नेता आलं नाही." आणि आत जाऊन त्यांनी हात धुतले.

दुसऱ्या दिवशी सुलू कुंपणाशी आली आणि हळूच म्हणाली, "मी कुणाला बोलणार नाही हं." तिने ते पाळलं. महिनाभरात तिचं लग्न झालं.

पुढचे पाच-सहा आठवडे काकाला हाताने जेवता येत नव्हतं. आई भरवायला गेली तर तो संकोचायचा, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी मऊ भात कालवून त्याला भरवायची. त्यावर मेतकूट, साजूक तूप, लिंबाच्या लोणच्याचा खार. तो डोळे मिटून आ करायचा आणि म्हणायचा, "घास मोठा घे गं, चिमणीला भरवत नाहीयेस." तुझे तरी हात वाचले, हे तो रोज एकदा म्हणायचा. प्रत्येक जेवणाला मी ठरवून बसायची की आज सांगायचं. पहिल्या घासाला वाटे, आधी पोटभर जेवू दे. शेवटच्या घासाला वाटे, आता जेवून शांत झालाय, कशाला. मला अप्पांच्या माराची भीती नव्हती, ते मारत नसत. काकाची नजर बदलेल, ही भीती होती. त्या घरात माझी नजर शाबूत आहे असं म्हणणारा तो एकटाच होता. आज ऐंशी ओलांडल्यावर मला हे कारण किती क्षुल्लक वाटतं म्हणून सांगू. पण तेव्हा तेच होतं, दुसरं काही नव्हतं.

हात बरे झाले. कातडी थोडी ओढल्यासारखी राहिली, पण बोटं सगळी चालत होती. घाटकोपरच्या मालकाने दोनदा माणूस पाठवला. काका एकदा गेलाही, आणि दुपारीच परत आला. आईने विचारलं तर म्हणाला, "टॉर्च पेटवला आणि अंदाज येईना, वहिनी. ज्योत किती लांब धरायची तेच कळेना." दिवाळीनंतर तो अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून लागला आणि तिथेच खोली घेऊन राहिला. अप्पांनी शेड पिठाच्या गिरणीला दिली. मोटार भंगारात गेली. अप्पा टांग्याने आणि म्हातारपणी रिक्षाने रोगी बघत राहिले. मरेपर्यंत ते मधूनच म्हणत, "दिगूने शेड घेतली असती तर बरं झालं असतं." मी त्यांनाही सांगितलं नाही.

काकाचं लग्न झालं, मुलगा झाला. माझंही झालं. सणासमारंभाला भेटी होत. तो माझ्याशी नेहमी प्रेमाने वागला आणि मी मनाशी एक सोयीची गोष्ट धरून बसले. ती अशी, की त्याला ठाऊक आहे. मी आत नव्हते हे त्याने तेव्हाच ओळखलं आणि मला वाचवायला दोष स्वतःवर घेतला. अशा मोठ्या मनाच्या माणसाला आता सांगून काय करायचं? या समजुतीवर मी तीस वर्षं काढली.

माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी एकटीच अंबरनाथला गेले. काका निवृत्त झालेला, केस पांढरे, अंगात घरात शिवलेली बंडी. काकू शेजारी गेली होती. मी म्हटलं, "काका, तुझ्या हातचा चहा पाज." त्याचा मुलगा शशी पेपर वाचत होता, तो उठला. "ताई, मी करतो. बाबा गॅस पेटवत नाहीत. देवापुढचं निरांजनसुद्धा आई लावते."

"का रे?"

"तरुणपणी भाजले होते ना. स्वतःच्याच चुकीने. आम्हाला लहानपणी सांगायचे, आगीपाशी स्वतःच्या हातावर कधी विश्वास ठेवू नका."

काका खिडकीबाहेर बघत होता. त्या चेहऱ्यावर लपवलेलं काहीच नव्हतं. तो खरंच तसं मानत होता.

चहा झाला, शशी बाहेर गेला. मी घरापुढच्या ओट्यावर काकाशेजारी बसले आणि सांगितलं. हाक, फोटो, कुंपण, सगळं. रडले नाही, तेवढं तरी पथ्य पाळलं. समोरच्या घरी कुणीतरी धुणं आपटत होतं.

"किती वेळ नव्हतीस?"

"पंधरा मिनिटं असतील. जास्तही असेल."

"पोती?"

"वाळली होती."

"म्हणजे एकदम नाही भडकलं."

"नाही."

तो बोटांनी गुडघ्यावर एक रेघ ओढत होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, हळूहळू. "मी तो सांधा किती वेळा मनात लावून बघितला," तो म्हणाला. "कोपऱ्यापर्यंत सगळं बरोबर येतं. मग मला वाटायचं, कोपऱ्याशीच हात रेंगाळला." मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "धूर पहिल्यांदा कुठून आला गं? सीटच्या मागून की खालून, कोपऱ्यातून?"

"मला नाही ठाऊक, काका," मी म्हटलं. "मी तिथे नव्हते."

त्याने मान हलवली. काकू तेवढ्यात आली, मला बघून हरखली, जेवायला काय करू म्हणाली. काका उठून उभा राहिला. "निमूला थांबता येणार नाही," तो तिला म्हणाला. "तिच्या गाडीची वेळ झालीय."

गाडीला अजून दीड तास होता. मी चपला घातल्या.